दक्षिण तटाने : मोरटक्का ते नावडातोडी

पायी परिक्रमेत नर्मदामैया सतत उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही, हा नियम सगळ्यांना सारखा. बाकीचं ज्याच्या त्याच्या संकल्पावर. कुणी अनवाणी चालतं, कुणी पाच घरं मागितल्याशिवाय जेवत नाही, कुणी पैशाला हात लावत नाही. ओलांडण्याच्या बाबतीत मात्र सूट नाही. उपनद्या, ओढे, नाले खुशाल पार करावेत. नर्मदा पुलावरून नाही, नावेतून नाही, तिच्या पोटातल्या बेटावरसुद्धा पाय ठेवायचा नाही. ओंकारेश्वराचं ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे, त्यामुळे तिथलं दर्शन संकल्पाआधीच घ्यावं लागतं. एकदा दक्षिण तटावर बाटलीत जल भरून संकल्प सोडला, कढाईचा प्रसाद वाटला, की पुन्हा त्या बेटावर जायचं ते परिक्रमा पूर्ण झाल्यावर, ते जल ओंकारेश्वराला वाहायला.

ताई, भाऊजी आणि मी असे तिघे मार्गशीर्षात निघालो. इथे लिहितोय ते सुरुवातीच्या टप्प्याबद्दल, कारण ओंकारेश्वर ते शूलपाणीची झाडी, म्हणजे पुढचं डोंगराळ जंगल, यांमधल्या मध्य प्रदेशातल्या या निमाडच्या किनाऱ्याबद्दल फार कमी बोललं जातं. लोकांना झाडी आठवते, समुद्र आठवतो, अमरकंटक आठवतं. निमाडचा दक्षिण तट चालून मागे टाकायचा असतो, असंच पुष्कळांच्या बोलण्यातून वाटतं. मला तो तसा टाकवला नाही.

ओंकारेश्वर ते मोरटक्का

या टप्प्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नवी सॅक खांद्याला टोचते, काठी कुठल्या हातात धरायची ते ठरत नाही, आणि समोरून येणारा प्रत्येक माणूस 'नर्मदे हर' म्हणतो तेव्हा उत्तर द्यायला पहिल्या दिवशी थोडा संकोच वाटतो. संध्याकाळपर्यंत तो संकोच गेलेला असतो. मोरटक्क्याला रेल्वेचा आणि रस्त्याचा पूल आहे. पलीकडे बडवाह. ट्रक, बस, मोटारसायकली पाच मिनिटांत पलीकडे जातात. आम्ही पुलाखालून पुढे गेलो.

आश्रमाच्या दारात पहिला प्रश्न आला, "कितनी मूर्ती हैं?" परिक्रमावासीयांची मोजणी माणसांत होत नाही, मूर्तींत होते. "तीन मूर्ती," भाऊजी म्हणाले. "आसन लगा लो, चाय आ रही है." एवढ्यावर राहण्याचा प्रश्न संपला. नाव, गाव, जात कुणी विचारलं नाही. वहीत सही मात्र घेतली आणि आमच्या छोट्या डायरीत आश्रमाचा शिक्का मारून दिला. भिंतीलगत कॅरीमॅट पसरल्या. रात्री खिचडी.

मोरटक्का ते रावेरखेडी

पहाटे उठून किनाऱ्यावर गेलो तेव्हा पाणी बरंच खाली होतं. काळे, हिरवट गोटे उघडे पडलेले, त्यांवर ओल्या शेवाळाची रेघ. काल संध्याकाळी हेच गोटे पाण्याखाली होते. वर ओंकारेश्वरचं धरण आहे, ५२० मेगावॅटचं. विजेची मागणी वाढली की यंत्रं चालतात आणि पाणी सुटतं, मागणी उतरली की नदी उतरते. त्यामुळे इथे नदीची भरती-ओहोटी चंद्रावर नाही, विजेवर चालते. ही गोष्ट नुसती गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. एप्रिल २००५ मध्ये, ओंकारेश्वरचं धरण व्हायच्या आधी, त्याच्याही वरच्या इंदिरा सागर धरणातून सोडलेलं पाणी रात्रीच्या वेळी धाराजीच्या जत्रेत शिरलं आणि किनाऱ्यावर झोपलेले कितीतरी भाविक वाहून गेले. तेव्हापासून किनाऱ्याच्या गावांत म्हातारी माणसं प्रत्येक परिक्रमावासीला बजावतात, आसन वाळूत लावू नका, वर लावा. आम्हालाही पहिल्याच सकाळी एका आजोबांनी हे दोनदा सांगितलं, आणि आम्ही 'हो' म्हटलं तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी त्यांनी ताईकडून वदवून घेतलं.

वाट किनाऱ्याच्या काठाने जाते असं नकाशावर दिसतं. प्रत्यक्षात ती कधी शेताच्या बांधावर चढते, कधी घळीत उतरते, कधी एखाद्या मोटारीच्या पाइपावरून जाते. काळी कापसाची जमीन. पावसाळ्यानंतर तिला भेगा पडतात आणि काठाजवळची माती ढेपाळून खाली येते, म्हणून मागच्या वर्षीची पाऊलवाट यंदा सापडेलच असं नाही. दर थोड्या अंतरावर नदीत सोडलेला पंप आणि त्याची घुमणारी मोटार. त्या पाण्यावर वर केळी, पपई, गहू, हरभरा, कापूस. आणि मिरची. निमाडात मिरचीचा हंगाम म्हणजे काय असतं ते मला इथे कळलं. जवळच बेडियाला मिरचीची मोठी मंडी आहे. शेतांच्या कडेला मोकळ्या जमिनीवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या, एकेक खळं मैदानाएवढं. वारा आपल्या दिशेने आला की आधी नाक झोंबतं, मग डोळे. मिरच्या उलटवणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर घट्ट बांधलेला, हात मात्र उघडे.

त्यांतल्याच एकीने हाक मारली. "माताराम, बैठो. रोटी खाके जाओ." ताई म्हणाली, आत्ताच बालभोग झालाय. बाईने ऐकलं नाही. झाडाखाली कापडात बांधलेली शिदोरी होती, मक्याच्या जाड भाकऱ्या आणि अंबाडीची भाजी. तिच्या आणि तिच्या सुनेच्या जेवणातून तिने आम्हाला अर्धी-अर्धी भाकरी वाढली. ताई खात होती आणि ती बघत होती, बरं चाललंय ना असं. भाजीत मिरची होतीच, पण आंबटपणा असा की तिखट मागे पडत होतं. निघताना ताईने तिला नमस्कार केला, तर ती मागे सरली आणि उलट ताईच्याच पाया पडली. परिक्रमेतल्या माणसाच्या पाया पडलं की मैयाच्या पाया पडल्यासारखं, हा इकडचा भाव. आपल्याला तो मान पेलवत नाही. ताई नंतर बराच वेळ गप्प चालत होती. मग म्हणाली, "अरे, दोघींच्या वाट्याला अर्धी अर्धीच उरली असेल."

दुपारनंतर वाट लांबत गेली. एक नाला गुडघाभर पाण्यातून पार केला, बूट गळ्यात अडकवून. तळाशी बारीक गाळ आणि त्याखाली निसरडे गोटे, तेव्हा काठी आधी टेकवायची, मग पाय. भाऊजी पुढे, मध्ये ताई, मागे मी. पलीकडे चढून बूट घालताना दिसलं, नदीच्या मध्यावर उथळ जागी केशरी रंगाचे चक्रवाक बसलेले. हिवाळ्यात ते इथे येतात. जोडीजोडीने बसतात आणि त्यांचा आवाज पाण्यावरून लांबपर्यंत येतो.

रावेरखेडीला पोहोचायला दिवे लागणीची वेळ झाली.

रावेरखेडी आणि बकावां

थोरल्या बाजीरावांची समाधी रावेरखेडीला आहे हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण 'रावेर' म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे जळगाव जिल्ह्यातलं रावेर येतं. हे रावेर खरगोन जिल्ह्यातलं, नर्मदेच्या काठावरचं लहानसं खेडं. सकाळी लवकर समाधीवर गेलो तेव्हा तिथे आम्ही तिघे आणि झाडू मारणारा एक माणूस, एवढेच होतो.

दगडी भिंतींचं आवार, आतल्या बाजूने कमानींच्या ओवऱ्या, मध्ये चौथरा आणि त्यावर समाधी. बस्स. शनिवारवाड्याच्या दरवाजाचा रुबाब इथे नाही, संगमरवर नाही, मोठा पुतळा डोळ्यांत भरत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या सांगण्यावरून शिंद्यांनी ही समाधी बांधली. ओवरीत बसलं की दगड पाठीला थंड लागतो. मार्गशीर्षातली सकाळ होती, अंगावर स्वेटर होता. बाजीराव इथे गेले ते वैशाखात, २८ एप्रिल १७४० रोजी. निमाडचा एप्रिल म्हणजे वाऱ्याचा चटका बसणारा, सावलीतही पाणी पाणी करायला लावणारा. निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी तह होऊन हंडिया आणि खरगोन हे परगणे मिळाले होते, त्यांची व्यवस्था लावायला ते या बाजूला उतरले होते. छावणी नदीकाठी. ताप चढला आणि काही दिवसांत सगळं संपलं. वय ३९. विशीत पेशवाईची वस्त्रं मिळाल्यापासून ज्या माणसाचं आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेलं, ज्याने १७२८ मध्ये पालखेडला निजामाला नुसत्या चालीने कोंडीत पकडलं, तो एका मुक्कामात थांबला तो इथे.

भाऊजी इतिहासाचे शिक्षक होते. त्यांनी पस्तीस वर्षं मुलांना बाजीराव शिकवला, आणि समाधी पाहत होते आत्ता. ते ओवरीतून उठून चौथऱ्याला फेरी घालून आले आणि म्हणाले, "पुण्याहून इथं येण्याला तेव्हा किती मुक्काम पडत असतील, याचा आपण कधी विचारच करत नाही. नकाशावर बोट ठेवतो आणि पुढचं पान उलटतो." ते बरोबर बोलत होते. ओंकारेश्वराहून इथवर चालून आल्यावर अंतर पायांना कळतं. बाजीरावाच्या वेगाबद्दल आपण नेहमी बोलतो. पण वेग म्हणजे या काळ्या मातीतून, या नाल्यांतून, हजारो घोड्यांना रोज दाणा-पाणी पुरवत पुढे जाणं. ओंकारेश्वरापासून आम्हाला तिघांच्या पाण्याच्या बाटल्या भरायचीसुद्धा व्यवस्था बघावी लागत होती.

नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या महेश्वर धरणाचं पाणी चढलं तर समाधीला धोका आहे, यावर महाराष्ट्रात मध्यंतरी बरंच लिहून आलं, निवेदनं गेली. ती काळजी योग्यच होती. पण समाधीच्या आजूबाजूच्या ज्या गावांची घरं आणि शेतं त्याच पाण्याखाली जाणार होती, त्यांच्याबद्दल आपल्याकडे त्या मानाने फारच कमी बोललं गेलं. झाडू मारणाऱ्या माणसाने आम्हाला वाळूचा काठ दाखवत सांगितलं की पूर कुठवर येतो. त्याच्या बोटाच्या रेघेत समाधीही होती आणि त्याचं घरही.

घाटावर हातपाय धुऊन, साबण न लावता, कारण नर्मदेत साबण लावायचा नाही, आम्ही पुढे निघालो. बकावां फार लांब नाही.

गाव जवळ आल्याचं आधी कानाला कळतं. दगडावर पडणारी छिन्नीची टकटक आणि मधूनच यंत्राच्या चाकाची किरकिर. बकावांत घरोघरी नर्मदेच्या दगडाची शिवलिंगं घडवतात. देशभरच्या देवळांत आणि देवघरांत जे नर्मदेश्वराचे बाण, म्हणजे अशी लिंगं, असतात, त्यांतले कितीतरी या एका गावातून गेलेले. 'नर्मदा का हर कंकर शंकर' असं किनाऱ्यावर सगळेच म्हणतात. बकावांचे लोक ते रोज हाताने करतात.

एका अंगणात आम्ही बराच वेळ बसलो. दारात गोट्यांचा ढीग, नदीतून आणलेले, ओबडधोबड, धुळीने भरलेले. त्यांत काय दडलंय ते बघणाऱ्याला कळत नाही. तिशीतला एक कारागीर डाव्या हातात गोटा फिरवत उजव्या हातातल्या हातोडीने हलकेच ठोकून बघत होता. ठणठणीत आवाज आला की गोटा उजवीकडे, बद्द आवाज आला की डावीकडे. डावीकडच्यांत आत चीर असते, चाकावर धरले की फुटतात. मग छिन्नीने कोपरे उडवून साधारण अंडाकृती आकार काढायचा. त्यानंतर विजेवर फिरणारं खरखरीत चाक. त्यावर बारीक धारेने पाणी पडत असतं. दोन्ही हातांच्या बोटांत दगड धरून तो चाकावर टेकवायचा आणि सतत फिरवत राहायचा, क्षणभरही एका जागी ठेवायचा नाही, नाहीतर सपाट डाग पडतो. राखाडी चिखल मनगटापर्यंत ओघळत होता. कारागिराची नजर दगडावर नव्हतीच. तो आमच्याशी बोलत होता, आकार बोटं बघत होती.

चाकावरून काढून त्याने दगड बादलीत बुडवला आणि वर काढला. मघाचा मातकट गोटा आता तांबूस तपकिरी, आणि मधून एक पांढरी रेघ पूर्ण वळसा घालून गेलेली. "ये जनेऊ है," तो म्हणाला. दगडातल्या अशा रेघेला ते जानवं म्हणतात. जानवं असलेल्या लिंगाला किंमत जास्त. कुणाला कपाळावर टिळा असावा तसा डाग निघतो, कुणाला चंद्रकोर. पण घडवून होईपर्यंत सांगता येत नाही. मग पुढे घोटाईचे आणखी दोन-तीन हात, आणि शेवटी तेलाचा.

ताईने विचारलं, धरणं झाल्यावरही दगड मिळतात का? आधीसारखे नाही, तो म्हणाला. पूर्वी वरच्या बाजूला धावडी कुंडाच्या धबधब्यात फिरून फिरून आपोआप गुळगुळीत झालेले दगड निघत. तो धबधबा धरणाच्या पाण्यात गेला. आता नदीपात्रातून आणायचे आणि यंत्रावर घडवायचे. त्याचे आजोबा नुसते हाताने घासायचे, एका दगडाला दिवस लागायचा. आता दिवसाला कितीतरी होतात, ऑनलाइनसुद्धा जातात.

तोंडावर त्याने गमछा बांधला होता, पण बोलायला तो खाली ओढला तो तसाच राहिला. पाण्यामुळे धूळ कमी उडते हे खरं. तरी कोरडी घासाई करणारेही आसपास दिसले, आणि त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर पांढरी पूड बसलेली. गुजरातेत खंबायतला अकीकाचे खडे घासणाऱ्यांच्या फुफ्फुसांना याच धुळीने काय झालं ते जगाला माहीत आहे. नर्मदेचे हे दगडही गारेच्याच जातीचे. देव घडवणाऱ्या या लोकांना साधा चांगला मास्क आणि धूळ ओढणारा पंखा मिळायला हवा. बाण विकत घेताना आपण जानवं आहे का ते बघतो. घासणाऱ्याच्या छातीचाही विचार करायला हवा. मी त्याला खंबायतबद्दल सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, गमछा वर केला आणि पुढचा दगड उचलला.

निघताना त्याने करंगळीएवढा एक बाण ताईच्या हातावर ठेवला. पैसे घेईना. परिक्रमावासीकडून कसले पैसे? ताईने तो जलाच्या बाटलीबरोबर कापडात बांधला. आता रोज सकाळी आमच्या पूजेत तो आहे.

मर्दाना, भट्याण, लेपा

इथून पुढचं अंतर आम्ही भराभर कापलं. किनारा बराचसा एकसारखा, गावं एकमेकांना लागून. मर्दान्याला दुपारची प्रसादी. तेली भट्याणला सियारामबाबांचा आश्रम. लाखोंच्या देणग्या देऊ पाहणाऱ्यांकडूनही बाबा दहाच रुपये घेत, ही गोष्ट साऱ्या निमाडात सांगितली जाते. ११ डिसेंबर २०२४ रोजी, मोक्षदा एकादशीला, त्यांनी देह ठेवला. आता त्यांची जागा रिकामी आहे, पण चहाची किटली चुलीवर आहे आणि परिक्रमावासीला थांबवणारी माणसं दारात आहेत. एका माणसाच्या सेवेची सवय गावाला लागली की ती त्याच्या मागेही चालू राहते, हे इथे बघायला मिळालं.

लेप्याला मराठी माणसाचा पाय थोडा जास्त रेंगाळतो. नाशिकच्या भारती ठाकूर २००५-०६ मध्ये पायी परिक्रमा करून गेल्या. वाटेत त्यांना शाळेपासून दूर राहिलेली मुलं दिसली. पुढे नोकरी सोडून त्या याच किनाऱ्यावर परत आल्या आणि मुलांसाठी 'नर्मदालय' उभं केलं. रस्त्यात भेटलेल्या दोन मुलांनी आम्ही महाराष्ट्रातले आहोत कळल्यावर आपण होऊन मराठीत नमस्कार केला आणि ताईला हाताला धरून चढ चढवला. ताई आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवत होती. मुलांना तिने पाढे विचारले. सतराचा पाढा न अडखळता म्हटला दोघांनी.

मंडलेश्वरच्या अलीकडे नदी अडवणारी महेश्वर प्रकल्पाची भिंत लागते. दारं, खांब, सगळं उभं आहे. वीज झाली नाही. या प्रकल्पात ६१ गावं बाधित होणार होती. आम्ही चालत आलो ती किनाऱ्याची गावं त्यांतलीच. जानेवारी १९९८ मध्ये हजारो गावकऱ्यांनी, त्यांत बायका पुढे, धरणाची जागा ताब्यात घेतली होती. नंतर वर्षानुवर्षं मोर्चे, धरणी, कोर्ट. २०२० मध्ये वीजखरेदीचा करारच रद्द झाला. आम्हाला अर्धी भाकरी वाढणाऱ्या बाईचं गाव या यादीत आहे की नाही ते मी विचारलं नव्हतं. पण त्या भिंतीकडे बघताना मला तिचं शेत, बकावांचं ते अंगण आणि रावेरखेडीच्या माणसाची बोटाने काढलेली रेघ आठवली, आणि ही भिंत अशीच कोरडी राहिली याचं मनापासून बरं वाटलं. पुनर्वसनाच्या नावाखाली ज्यांची आयुष्यातली वीस-पंचवीस वर्षं टांगती राहिली, घर दुरुस्त करावं की नाही याच्या विचारात गेली, ती वर्षं मात्र त्यांना कुणी परत करणार नाही.

नावडातोडी

शालिवाहन आश्रमात आसनं लावली तेव्हा सूर्य अजून वर होता. समोर, नदीच्या पलीकडे, महेश्वर.

अहिल्याबाईंचा किल्ला, त्याखालच्या पायऱ्या, छत्र्या, नदीच्या मध्यावर बाणेश्वराचं देऊळ, सगळं एका नजरेत. ताई येवल्याची. पैठणीच्या मागावर वाढलेल्या मुलीला महेश्वरी साडीचे माग बघायचे होते, आणि अहिल्याबाई तिचं दैवत. १३ ऑगस्ट १७९५ ला अहिल्याबाई गेल्या ते समोरच्या त्या वाड्यात. काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळं आणि घाट बांधणाऱ्या बाईचं घर हाकेच्या अंतरावर आहे आणि जाता येत नाही. नावा येत-जात होत्या. नावाड्याने विचारलंही, चलता? त्याला बाटली दाखवली, तसा तो हसला आणि हात जोडून नाव वळवून गेला.

ताई पायऱ्यांवर बसून म्हणाली, "इतक्या जवळ येऊन जायचं नाही, हे जरा जास्तच आहे नाही?"

"माघात उत्तर तटाने परत येऊच की," मी म्हटलं. "समुद्र ओलांडून."

"तोवर पाय धड राहिले पाहिजेत."

खरं सांगायचं तर, पलीकडे जाता येत नाही म्हणूनच आम्ही अलीकडे नीट बघितलं. महेश्वरला येणारे पर्यटक नावेतून इकडे फारसे उतरत नाहीत. भाऊजींनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला नावडातोडीच्या टेकाडांवर नेलं. १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. गोल आणि चौकोनी झोपड्या, कुडाच्या भिंती, चुली, आणि लाल मातीच्या भांड्यांवर काळ्या रंगात काढलेली नक्षी. गहू होता, मसूर होती, नंतरच्या थरांत तांदूळही. माळवा संस्कृतीचा अभ्यास करणारा प्रत्येक जण आजही या गावाचं नाव घेतो. अलीकडच्या तटाची मोठेपणात कुणाशी स्पर्धा नाही, पण इथल्या माणसांनी समोर किल्ला उभा राहायच्या कितीतरी शतकं आधी याच पाण्यावर गहू पिकवून खाल्ला आहे.

टेकाडावर आता शेती आहे. बांधावर नांगराने वर आलेली खापरं पडलेली असतात. भाऊजींनी एक उचललं. बोटभर लांबीचं, एका बाजूला लाल, त्यावर पुसट काळ्या तिरप्या रेघा. भांडं आवळून धरायला कडेला दिलेला किंचित वळसा अंगठ्याला बरोबर लागत होता. त्यांनी ते मला धरायला दिलं, ताईला दिलं, आणि परत होतं तिथेच, त्याच कुशीवर ठेवलं. शेतकरी बैलांना थांबवून आमच्याकडे बघत होता. "पूना वाले?" त्याने विचारलं. त्याच्या वडिलांनी लहानपणी ते खोदकाम बघितलं होतं.

आश्रमात परतल्यावर पुढच्या वाटेची चौकशी केली. खलघाटपर्यंत किनारा बरा आहे. तिथे आग्रा-मुंबई रस्ता आडवा येतो. बडवानीच्या पुढे सरदार सरोवराचं पाणी मागे पसरलेलं असल्याने जुनी काठाची वाट बुडाली आहे, तिथून डोंगरातल्या रस्त्याने झाडीत शिरायचं. झाडीत रात्री थंडी जास्त, आश्रम लांब-लांब. आश्रमातल्या महाराजांनी आमच्या तिन्ही सॅक उचलून वजन बघितलं, ताईच्या सॅकमधून एक जादा चादर आणि मोठा डबा काढून ठेवायला लावला, आणि त्याऐवजी एक घोंगडी दिली. "डबा महेश्वर में ले लेना, वहाँ मेरे गुरुभाई हैं," ते म्हणाले, "नाव से भेज दूँगा."